दोन डोण्यांमधला दोर

लग्न होऊन मी चाकूर तालुक्यातल्या सासरी आले, त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला. माझं माहेर नायगावकडचं, नांदेड जिल्ह्यातलं, त्यामुळं मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. गावाला मात्र आनंद झाला होता. आता कोर्टकचेरीला उस्मानाबादपर्यंत जायला नको, असं जो तो म्हणायचा. एकट्या माझ्या सासूला हा नवा जिल्हा नको होता.

सासूला मी आत्या म्हणायची. पोस्टमनची सायकल बौद्धवाड्यात शिरली की आत्या हातातलं काम टाकून दारात यायच्या.

"उस्मानाबाद जिल्हा लिवलेले कागद आता कुठं जात्यात रं?"

"हितंच येत्यात, आजी. गाव तर त्येच हाय नव्हं?"

"त्याला नवा जिल्हा ठाव न्हाई."

"त्याला" म्हणजे त्यांच्या थोरल्या लेकाला. दहाएक वर्षांआधीच्या मोठ्या दुष्काळात आत्या खडी फोडायला जायच्या आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर घर चालायचं. तेव्हा एक मुकादम कोकणात समुद्रावर धक्का बांधायला माणसं घेऊन गेला. त्याच्याबरोबर आत्यांची दोन्ही मुलं गेली. धक्का बांधून झाला, बाकीचे परत आले, हे दोघे तिकडंच मासेमारी करणाऱ्या एका घरी कामाला राहिले. काही वर्षांनी धाकटा एकटाच परतला. तो माझा नवरा, आमचे मालक. त्यानं आईला सांगितलं, "दादा जहाजावर लागला. लई लांब जातंय ते जहाज."

मला घरात सांगितलं गेलं तेही एवढंच. मी नवी सून, खोदून विचारणार तरी काय! पण आत्या रोज काहीतरी विचारायच्या आणि मालकांची उत्तरं रोज तेवढीच असायची.

"जहाजावर भाकर मिळती का रं?"

"मिळती."

"ज्वारीची?"

"न्हाई. तांदळाची."

"मग त्याचं पोट कसं भरत आसंल!"

मालक ताटावरून उठून जायचे. मला वाटायचं, भावाचा राग असेल. तो तिकडं पैसा कमावतोय, आईची आठवण काढत नाही, असं काहीतरी.

नव्या जिल्ह्याबरोबर नवी ऑफिसं आली. गावापलीकडं धरण होतं, त्यात सरकारनं मासे सोडायचे ठरवले आणि तिथं राखणदार हवा होता. भरतीला आलेल्या सगळ्यांनी पोहता येतं म्हणून सांगितलं. मालक म्हणाले, "मला डोणी चालवता येती." साहेबांना हसू आलं, कारण आमच्याकडं डोणी म्हणजे जनावरांना पाणी पाजायची, दगडाची. मालकांनी त्यांना समजावून सांगितलं की समुद्रावर एका माणसापुरती अरुंद होडी असते, तिला तिकडं डोणी म्हणतात. नोकरी लागली.

रस्त्याच्या कामावरची डांबराची रिकामी पिंपं आणून, ती चाकूरला ठोकून सपाट करून मालकांनी स्वतःची डोणी बनवली. एका माणसाची बैठक मावेल एवढीच रुंद आणि दोन माणसं आडवी झाली तर पुरतील एवढी लांब. जोडांवर डांबर ओतलं. वल्हं एकच, पण बांबूच्या दोन्ही टोकांना पत्र्याचं पातं लावलेलं. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. ती पाण्यात सोडली तेव्हा गाव बघायला लोटलं होतं. आता उलटेल, मग उलटेल, म्हणत सगळे थांबले आणि ती काही उलटली नाही तेव्हा जरा हिरमुसून परत गेले.

मी पुढं जाऊन बघितलं, तर डोणीच्या नाकाला एक जाड दोर बांधलेला होता. दुसरं टोक कशालाच नव्हतं. ते पाण्यात तसंच लोळत होतं.

"ह्यो दोर कशाला?"

"आसू दे. सवय हाय."

राखण करता करता मालक गळ टाकायचे. लहान मासळीत त्यांचं मन नव्हतं. धरणाच्या पोटात जुनी नदी होती, तिच्या डोहात मोठाले शिवडे होते. बिनखवल्याचा, मिशांचा, रुंद तोंडाचा मासा. त्याच्यासाठी लोहाराकडून बोटाएवढे गळ घडवून घेतलेले, त्याला नायलॉनची दोरी आणि आमिषाला जिवंत बेडूक. दोरी लाकडाला गुंडाळून ती मांडीखाली दाबून बसायचं. वारा असो, लाटा असोत, मालक जायचेच. उलट, वारा असला की आधी जायचे. धरणावर वारा सुटला की पाणी काळं पडून उसळायचं, बारकी डोणी लाटेआड दिसेनाशी व्हायची.

मी दुपारची भाकरी घेऊन जायची. पाणी शांत असलं की पाण्यावरून आवाज लांबपर्यंत येतो. एकदा मी काठावर बाभळीखाली बसले होते आणि मालक बरंच आत होते. मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"दमानं घे, दादा. लई ताणू नको."

मी उठून उभी राहिले. डोणीत दुसरं कोणी मावणंच शक्य नव्हतं. पाण्यात लोळणाऱ्या त्या दोराकडं बघून मालक बोलत होते. जरा थांबायचे, ऐकल्यासारखं करायचे आणि मग मान हलवायचे.

ते काठाला आले तेव्हा मी बाभळीखाली फडकं पसरलं. भाकरी सोडली, कांदा फोडला. त्यांनी जेवायच्या आधी एक तुकडा मोडून पाण्यात टाकला. आमच्या घरात असलं कोणी करत नव्हतं, नवससायास तर मागंच वारलेल्या सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच बंद झाले होते.

"माशांना," मालक म्हणाले. मी न विचारताच.

त्यानंतर पावसानं सलग दोन वर्षं तोंड फिरवलं. आधी विहिरी गेल्या, मग बोअरला फक्त हवा यायला लागली. अर्धापूरला माझी बहीण दिली होती, तिकडच्या केळीच्या बागासुद्धा वाळल्याचं तिनं माणसापाशी सांगून पाठवलं. धरणाचं पाणी मागं मागं सरकत गेलं. काठाला भेगाळलेल्या गाळाचा मैदानासारखा पट्टा पडला आणि मधे नदीच्या जुन्या पात्रापुरतं पाणी उरलं. आक्रसलेलं असलं तरी ते खोल होतं, आणि उघड्या गाळावरून येणाऱ्या वाऱ्याला आडवं काहीच नव्हतं. उन्हाळ्याच्या दुपारी तिथं अशा लाटा उठायच्या की काठावर फेस यायचा. सगळे मोठे मासे आता तेवढ्याच पाण्यात गोळा झाले होते.

गावात धुण्याला पाणी नव्हतं म्हणून आम्ही दोघी सासू-सुना धुणं घेऊन धरणावर जायला लागलो. आत्यांनी तोवर एवढं पाणी जवळून बघितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या खडकावर बसून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"समिंदर आसाच आस्तो का रं?" त्यांनी मालकांना विचारलं.

"आसाच. फकस्त पल्याडचा काठ दिसत न्हाई."

"मग जहाजाला कळतं कसं, कुठं जायचं?"

मालक डोणीत बसून निघून गेले.

ती गोष्ट घडली त्या दिवशी सकाळपासून आभाळ पिवळं होतं. धुणं वाळत टाकलं तेवढ्यात वारा सुटला. लुगडी उडायला लागली, मी ती धरायला धावले आणि मागून आत्यांची हाक आली. मी वळून बघितलं तर मालकांची डोणी वल्ह्याशिवाय चालली होती. वल्हं मांडीवर आडवं पडलेलं, दोन्ही हातांत दोरी, आणि पुढून काहीतरी डोणीला सरळ ओढत नेत होतं. मधेच ते वर आलं. पाठ दिसली, काळी, ओली, चांगली माणसाएवढी वाटली मला. पुन्हा खाली गेलं. डोणी कलली. लाट आडवी आत शिरली.

मासा डोहाच्या खालच्या अंगाला ओढत होता. तिकडं खडकाचे सुळके पाण्याच्या जेमतेम खाली होते, आणि पत्र्याची ती डोणी त्यांच्यावर आपटली असती तर फाटलीच असती. मला वाटलं, दोरी ओढून मासा आपल्याकडं घेतला तर तो थकेल, डोणी या काठाला वळेल. मी ओरडायला लागले, "ओढा! ओढा!" आमच्याकडं सगळे "वढ" म्हणतात. मी सातवीपर्यंत शिकलेली, घाईतसुद्धा माझ्या तोंडून पुस्तकातला शब्द यायचा. त्यावरून आत्या मला नेहमी चिडवायच्या.

आत्या दुसरंच ओरडत होत्या. "सोड रं! सोड! सोड त्याला!"

आत्या ओरडत ओरडत पाण्यात शिरल्या. गाळात पाय रुतला, तरी पुढं. कमरेपर्यंत गेल्या. मी मागून त्यांना धरलं. तिकडं मालकांनी आमच्याकडं मान वळवली आणि ते थिजल्यासारखे झाले. हातातली दोरी ताणलेली, डोणीत पाणी भरतंय, सुळके जवळ येतायत आणि हा माणूस काही करतच नाही. नुसता आमच्याकडं बघतोय. मला तो चेहरा लांबून नीट दिसत नव्हता, पण तोंड उघडं होतं एवढं दिसलं.

मग लाटेनं डोणी उलटली.

आत्यांचं सगळं अंग माझ्या हातांत जड झालं. जरा वेळानं डोणीचं डांबरी बूड वर आलं आणि त्याच्या पलीकडं मालकांचं डोकं. ते नाकाला बांधलेला तो जाड दोर धरून पोहत होते, उलटी डोणी मागं ओढत. मासा, दोरी, वल्हं, सगळं गेलं होतं. ते काठाला लागले तेव्हा हाताचा तळवा चिरून रक्त येत होतं. मी पदर फाडून बांधला.

मालक गाळात बसले.

"तुमी काय म्हनून राहिल्या व्हत्या?" त्यांनी विचारलं.

"सोड म्हनले," आत्या म्हणाल्या. "दुसरं काय म्हनीन?"

"मी ओढा म्हणत होते," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले, मग आईकडं. मग हसले. तसं हसणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही आणि ऐकायची इच्छाही नाही.

"दोघी दोन बोलून राहिल्या व्हत्या," ते म्हणाले. "मला एकच ऐकू आलं. ओड, ओड. वाऱ्यात तेवढंच येतं, माय. पुढचं-मागचं वारं खातं."

आणि मग त्यांनी तिथंच, ओल्या कपड्यात, आईला सगळं सांगितलं.

समुद्र खवळलेला असला की मोठी सुरमई काठाजवळच्या खडकांकडं येते, म्हणून दोघे भाऊ अशाच दिवशी जायचे. दोघांच्या दोन डोण्या, मधे एक दोर. एकाच्या गळाला मोठा मासा लागला की दुसरा मागून वजन द्यायचा, म्हणजे मासा लवकर दमायचा. त्या दिवशी थोरल्याच्या गळाला लागला. असा मासा त्यांनी आधी बघितलेला नव्हता. थोरल्यानं दोरी हाताला गुंडाळली. मासा खडकांकडं निघाला, थोरला त्याच्यामागं आणि दोरानं ओढला जाणारा धाकटा सगळ्यांत मागं. धाकट्याची डोणी लाटेला आडवी झाली, पाणी भरायला लागलं. तेव्हा थोरल्यानं मागं वळून काहीतरी ओरडून सांगितलं.

"मला 'ओड' ऐकू आलं," मालक म्हणाले. "मी सोड समजलो. दोर सोडला."

सुटलेला दोर लाटेवरून सापासारखा गेला, म्हणाले. थोरल्याची डोणी खडकाआड गेली. दुसऱ्या दिवशी ती उलटी सापडली. तो सापडला नाही.

"गावाकडं व्हता तवा 'वढ' म्हनायचा. तसं म्हनला आस्ता तर मी चुकलो नसतो. वढ अन् सोड, फरक कळतो. पन तिकडं ऱ्हाऊन दोघंबी 'ओढ' म्हनायला लागलो व्हतो."

वारा पडला तेव्हा आत्या उठल्या, गाळात पडलेलं धुणं गोळा केलं, पुन्हा धुतलं, पिळलं आणि डोक्यावर घेऊन आमच्यापुढं चालायला लागल्या.

पुष्कळ वर्षांनी, आमची मुलं मोठी झाल्यावर, मी मालकांना विचारलं होतं की तुम्हाला स्वतःला काय वाटतं, थोरले तेव्हा काय म्हणाले असतील. मालक म्हणाले, "दिवसावर हाय. काही दिवस सोड आस्तं, काही दिवस ओढ." त्यांचा कोणता दिवस आहे ते मला कळतं. ज्या दिवशी ते हाताचा तळवा चोळत बसतात, त्या दिवशी, पोरं लहान असताना, मी त्यांना लवकर झोपायला पाठवायची, आणि आता पोरं घरात नाहीत तर रेडिओ लावून ठेवते.

पण ते पुढचं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात जणू तीन माणसांऐवजी चार राहायला लागली. आधी थोरला जहाजावर होता, लांब होता. आता तो घरात आला. आत्या रात्रीचं चौथं ताट घ्यायच्या आणि पुन्हा फळीवर ठेवायच्या. दार वाजलं की तिघंही एकमेकांकडं बघायचो. मालकांशी आत्या बोलत नव्हत्या. त्यांना वाढायच्या, अंथरूण टाकायच्या, पण शब्द नाही. मालकही धरणावर जाऊन नुसते काठाला बसून यायचे. जनावरांची छावणी पडली तेव्हा छावणीवाल्यांनी ती पत्र्याची डोणी पाणी पाजायला मागितली. मालक "न्या" म्हणाले. डांबर खरवडून काढायला दोन गडी लागले.

मग एका सकाळी मालक चहा पीत बसले होते आणि आत्या चुलीपुढून, तोंड न वळवता म्हणाल्या, "त्या दिशी त्यो जेवून गेला व्हता का?"

मालकांनी कप खाली ठेवला.

"हाव. भात अन् कालवन. मपल्या ताटातलंबी खाल्लं त्यानं."

"पोटभर?"

"पोटभर, माय."

आत्यांनी चुलीत लाकूड सारलं. बराच वेळ धूर झाला, मी फुंकणी घेऊन पुढं झाले तर त्यांनी हातानं थांबवलं. मग म्हणाल्या, "त्याचं पुण्यानुमोदन करून घेऊ. लई दिस झाले."

भंते उदगीरहून आले. बौद्धवाड्यातली माणसं, धरणावरचे दोघे-तिघे, माझ्या माहेरची माणसं, सगळे आले. थोरल्याचा फोटो कोणी कधी काढलाच नव्हता. बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या आणि बाजूची जागा रिकामी ठेवली. भंतेंनी विचारलं, गेलेल्या माणसाचं नाव काय. सगळ्यांनी मालकांकडं बघितलं. मालकांनी आईकडं बघितलं. आत्यांनी सांगितलं. मी त्या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते. तोवर फक्त थोरला, नाहीतर "त्यो".

वंदना अर्धी झाली असेल, बाहेर भोंगा वाजला. टँकर. तो दोन दिवस आला नव्हता. आधी मागच्या बायका उठल्या, मग पोरं, मग माणसं. घागरी, डबे, बादल्या. भंते डोळे मिटून म्हणतच राहिले. माझ्याकडं आत्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "बसून काय राहिलीस? येवढी मानसं जेवायची हायेत." आणि त्या स्वतःच घागर घेऊन निघाल्या.

टँकरपाशी चेंगराचेंगरी होती. आत्या सगळ्यांत पुढं, पाइपाखाली घागर धरून. पाणी त्यांच्या हातांवरून, कोपरांवरून सांडत होतं. मागून कोणीतरी ढकलत होतं, कोणीतरी शिव्या देत होतं. त्या मागं वळून मला काहीतरी ओरडल्या. गोंगाटात मला कळलं नाही. मी आपली गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले आणि घागरीला दुसरा हात लावला.